सहा बाहुल्या, दोन प्रदर्शनं: कामाच्या नोंदी

८ जानेवारी

सहा बाहुल्या करायच्या, प्रत्येकीची उंची ४२ सेंमी. क्रमांक १ ते ४ पेपर-क्लेच्या (कागदाचा लगदा मिसळलेली, हवेत सुकणारी माती), पोकळ, बॉल जॉइंटच्या, म्हणजे गोळ्यावर फिरणाऱ्या सांध्यांच्या. ५ आणि ६ कापडी अंगाच्या, दाबून घडवलेल्या फेल्टच्या (न विणता तंतू दाबून केलेलं कापड) चेहऱ्याच्या. पहिलं प्रदर्शन मार्चच्या मध्यापासून पाच आठवडे, रेल्वेने हातात घेऊन जायचं. दुसरं जुलैत, विमानाने, पेटीतून. मधे कामाच्या टेबलावर मिळणार जेमतेम सहा आठवडे.

रेखाटनाच्या आधी खोका आखला. आतलं माप ४८ × १८ × १२ सेंमी. अख्खी बाहुली यात आडवी मावते, पण डोकं जोडलेलं राहिलं की वाटेतला प्रत्येक धक्का मानेवर उतरतो. डोकं जड आणि मान बारीक, त्यामुळे तडा तिथेच जातो. म्हणून १ ते ४ चं डोकं प्रवासात वेगळंच ठेवायचं. मान ते टाच ३६ सेंमी, डोक्याचा कप्पा ९, मधली फोमची भिंत ३. बेरीज बरोबर ४८.

डोकं वेगळं ठेवायचं म्हटल्यावर मानेचा आकडा (हुक) कसा असावा हेही ठरून गेलं. गॅलरीत बाहुली जोडणारे हात बहुतेक वेळा दुसऱ्याचे असतात. त्यामुळे आकडा पक्कड न लावता दोन बोटांत सुटला आणि बसला पाहिजे. डोक्याची उंची ६ सेंमी, म्हणजे सात डोक्यांचं अंग. मानेचं भोक १४ मिमी. याहून लहान असलं तर बोटं शिरत नाहीत, मोठं असलं तर हनुवटीखालून काळं दिसतं.

११ जानेवारी

क्ले सुकताना किती आकसते ते बघायची पट्टी सुकली. ओली असताना १०० मिमी लांब, २० रुंद, ५ जाड होती. आता ९४ मिमी भरते, म्हणजे आकसणं ६ टक्के. हा आकडा याच पाकिटापुरता खरा. कारखान्यातून क्ले किती ओली आली आणि मळताना आपण किती पाणी घातलं, त्यावर तो बदलतो. नवं पाकीट उघडलं की पट्टी नव्याने लाटायची. पट्टीच्या दोन टोकांना सुईने टोचून खुणा करायच्या आणि मापायचं ते खुणांमधलं अंतर. कडा वेड्यावाकड्या सुकतात, त्यांच्यावरून माप चुकतं.

१५ जानेवारी

थर्माकोलचे गाभे कापले. भिंत ५ मिमीची होणार, म्हणून गाभा रेखाटनातल्या बाहेरच्या रेषेपेक्षा सगळीकडून ५ मिमी आत. गाभ्यावर पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळली, म्हणजे नंतर तो ओढून काढता येतो. क्ले दोन ५ मिमी जाडीच्या पट्ट्यांमधे लाटली, त्यामुळे जाडी सगळीकडे सारखी आली. जाडी सारखी असणं हे मऊपणापेक्षाही महत्त्वाचं. जाड भाग उशिरा सुकतो, पातळ भाग आधी आकसतो आणि त्या दोघांच्या सीमेवर भेग पडते.

सांध्याच्या रेषा मांडीच्या आणि दंडाच्या मागच्या बाजूला घेतल्या. पुढून एकही जोड दिसत नाही.

१९ जानेवारी

क्रमांक ३ ची डावी मांडी फाटली. ४० मिमी लांब, मधे २ मिमी रुंद भेग. कारण उघड आहे: गाभा तीन दिवस आतच राहिला. थर्माकोल आकसत नाही, क्ले आकसते. आतून अडवलेल्या कवचाला ताण सोडवायला फाटण्यावाचून वाट नसते.

बाकीचे अवयव साधारण वीस तासांनी, कवच चामड्यासारखं झालं असताना कापले. कवच बोटाने दाबलं तर ठसा उमटू नये, पण नख रुतावं, ही ती वेळ. पातळ पात्याने दोन्ही बाजूंनी चीर देऊन कवच दोन शिंपल्यांसारखं उघडलं, गाभा काढला, कडा ओल्या केल्या, त्यांवर काटेरी ओरखडे काढले आणि घट्ट क्लेने जोडलं. मग जाळीवर ठेवून दर चार तासांनी उलटवलं. पंखा लावला नाही. एका बाजूने वारा लागला की पिंडरी केळ्यासारखी वाकते आणि सुकल्यावर ती सरळ होत नाही.

फाटलेली मांडी टाकून दिली नाही. भेगेच्या कडा पात्याने व्हीच्या आकारात उघड्या केल्या, पाण्याने भिजवल्या आणि घट्ट क्ले दोन वेळा मिळून भरली. पाण्यात कालवलेली पातळ क्ले इथे भरणं ही नेहमीची चूक. तिच्यात पाणी जास्त, म्हणून ती सगळ्यात जास्त आकसते आणि भेग त्याच जागी परत येते.

२४ जानेवारी

गुडघे, कोपर, नितंब आणि खांद्यांचे सांधे. गोळे क्लेचे केले नाहीत, १८ मिमीचे लाकडी मणी घेतले. सुकं लाकूड क्लेसारखं आकसत नाही, मणी गोल असतो आणि मधे भोक तयार मिळतं.

वाटीचा हिशेब मात्र नीट मांडावा लागतो. १८ च्या मण्यावरच वाटी दाबून घडवली तर सुकल्यावर ती १७ ची होते आणि मणी त्यात बसतच नाही. म्हणून वाट्या २० मिमीच्या मण्यावर, व्हॅसलीन लावून आणि फिल्म गुंडाळून घडवल्या. ६ टक्के आकसून १८.८ मिमी झाल्या. प्रत्येक बाजूला ०.४ मिमी मोकळी जागा उरली. त्यात ०.५ मिमी जाडीचं स्यूड (मऊ, लवदार चामडं) चिकटवलं, ते दाबलं जाऊन जागा घट्ट भरतं. स्यूड नसेल तर रंगलेला गोळा रंगलेल्या वाटीत घसरतो, बाहुली उभी राहत नाही आणि प्रत्येक वळणाला रंगाचा चुरा पडतो.

मण्याला इलॅस्टिकसाठी खाच हवी, नाहीतर गुडघा वाकताना इलॅस्टिक भोकाच्या धारेवर घासून तुटतं. इलॅस्टिक २.५ मिमीचं, दुहेरी जातं, म्हणजे ५ मिमी. खाच ६ मिमी रुंद ठेवली. गोल कानशीने कापून कडा ४०० च्या पॉलिश पेपरने गोल केल्या. मनगट आणि घोटे १० मिमीच्या मण्यांचे, तिथे २ मिमीचं इलॅस्टिक एकेरी, टोकाला पितळी आकडा.

या सांध्याला जुनी परंपरा आहे. सोळाव्या शतकातल्या जर्मन लाकडी आकृत्यांना हेच गोळे होते. बर्लिनच्या संग्रहालयातली तशी आकृती पाहून जर्मन कलाकार हान्स बेल्मेरने १९३५ च्या आपल्या दुसऱ्या बाहुलीत पोटाच्या जागी गोळा बसवला. पुढे जपानी बाहुलीकारांनी हा सांधा इतका बारकाईने वाढवला की आज क्लेच्या बाहुलीचं बहुतेक तंत्र त्यांच्या हातचं आहे.

२ फेब्रुवारी

जोडणी. पायांच्या इलॅस्टिकचा मार्ग ३८ सेंमी. न ताणलेली लांबी २७ सेंमी ठेवली, साधारण ७० टक्के. २४ ठेवून पाहिलं तर बाहुली बसवताच पाय आपोआप ताठ होत होते. ३० ला गुडघे लटपटले. जोर कमी वाटला की इलॅस्टिक आखडायचा मोह होतो, पण लटपट बहुतेक वेळा वाटीच्या खोलीमुळे असते. गोळा निम्म्यापेक्षा थोडा कमी आत बसला पाहिजे. आधी वाटी तपासावी, मग इलॅस्टिक.

डोकं काढण्याची पद्धत इथे लिहून ठेवतो, कारण हीच पुढे गॅलरीत छापील कागदावर द्यायची आहे. डावा हात खांद्यांवर. उजव्या हाताने डोकं सरळ वर १५ मिमी ओढायचं, पिरगळायचं नाही. मानेतून एस आकाराचा आकडा वर येतो, त्याखाली इलॅस्टिकचे दोन पदर दिसतात. त्या पदरांमधून ३ मिमी जाड आणि ३० मिमी लांब पितळी काडी आडवी सरकवायची, दोन्ही टोकं मानेच्या कडेवर टेकली पाहिजेत. मगच डोक्याच्या आतल्या कडीतून आकडा सोडायचा. काडी न घालता आकडा सोडला तर पायांचं इलॅस्टिक क्षणात धडात गायब होतं आणि ते परत काढायला लांब हुकाने अर्धा तास झुंजावं लागतं. काडीला लाल दोरा बांधला आहे. ती हरवू नये आणि बाहुली उभी केल्यावर काढायची आठवण राहावी, दोन्हींसाठी.

९ फेब्रुवारी

५ आणि ६ चे फेल्ट चेहरे. १९१९ मधे सुरू झालेल्या ट्यूरिनच्या लेन्ची कारखान्याने दाबलेल्या फेल्टचे चेहरे जगभर पोचवले. साच्यात फेल्ट दाबायचं, हे तत्त्व तेच.

शंभर टक्के लोकरीचं फेल्ट लागतं. अॅक्रिलिकचं फेल्ट वाफेने मऊ होतं पण आकार धरत नाही, सुकल्यावर नाक परत सपाट. जाडी १.५ मिमी. कापड वाफेवर धरून तिरपं ताणलं, प्लास्टरच्या उभार साच्यावर बसवलं आणि कपाळाकडून खाली दाबत आणलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना चुणी येतेच. तिथे कापड ओढायचं नाही, पुन्हा वाफ देऊन बोटाच्या टोकाने चुणी आतल्या आत आटवायची. लोकरीचे तंतू एकमेकांत सरकतात म्हणून हे जमतं, विणलेल्या कापडात जमणार नाही.

एका दाबात नाक पूर्ण उंच करायला गेलो की शेंड्याला कापड विरळ होतं आणि उजेडात आरपार दिसतं. म्हणून दोन दाब. पहिल्यात अर्धी उंची, पूर्ण सुकवायचं, दुसऱ्या दिवशी उरलेली. आतून मलमलीचे दोन थर मिथाइल सेल्युलोजच्या खळीने चिकटवले. पिठाची खळ जास्त कडक येते, हे खरं. पण पीठ हे कसरीचं, म्हणजे कापड कुरतडणाऱ्या किड्याचं, अन्न आहे आणि ही बाहुली महिनोन्महिने खोक्यात राहणार आहे.

अंगात २ मिमी अॅल्युमिनियमची तार, दुहेरी पीळ दिलेली. लोखंडी तार गंजते आणि डाग कापडातून वर येतो. तारेचं टोक वळवून कापडी पट्टीने बांधलं, नाहीतर सहा महिन्यांत ते तळव्यातून बाहेर डोकावतं.

१६ फेब्रुवारी

१ ते ४ ला अस्तर. जपानी पद्धतीत यासाठी गोफुन असतं: शिंपल्यांची पूड प्राण्यांच्या सरसात कालवून, पातळ थरांवर थर. त्याची कांती दुसऱ्या कशाला येत नाही, पण सरस ओलीने मऊ होतो आणि कोरड्या हवेत तडकतो. दोन प्रवास करणाऱ्या बाहुलीला ते देण्याची हिंमत झाली नाही. अॅक्रिलिक जेसो (रंगाखाली द्यायचा पांढरा लेप) घेतला, दुधाइतका पातळ, सहा थर. दर दोन थरांनंतर घासणं: २४०, मग ४००, शेवटी ८००. पापण्यांच्या खाचेत आणि ओठांच्या कोपऱ्यात जेसो साचतो आणि सगळा चेहरा बोथट होतो. ओला असतानाच कोरड्या कुंचल्याने तो टिपून घ्यायचा.

घासताना मास्क, आणि शक्यतो ओल्या स्पंजने घासणं. क्लेची आणि जेसोची धूळ फार बारीक असते, खोलीत तासभर तरंगत राहते.

२१ फेब्रुवारी

चेहरे रंगवले. अॅक्रिलिक पाण्यासारखं पातळ करून आठ ते दहा हात. पहिला हात निळसर हिरवा: डोळ्यांखाली, कानशिलावर, नाकाच्या बाजूला. गुलाबी त्याच्यावर. उलट केलं तर गाल रंगवलेले दिसतात, आतून आलेले वाटत नाहीत.

वॉर्निश आज थांबवलं. चाचणीच्या तुकड्यावर मॅट स्प्रे मारला आणि दोन मिनिटांत पांढरट साय आली. हवेतली आर्द्रता ७४ टक्के. स्प्रेमधला द्रव झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं बाष्प ओल्या थरावर बसतं. खोली ६० टक्क्यांखाली आल्याशिवाय स्प्रेला हात लावायचा नाही, आणि पहिला फवारा कधीच चेहऱ्यावर नाही.

२३ फेब्रुवारी

आर्द्रता ५५. तीन हलके थर, मधे अर्धा अर्धा तास. ठीक.

काचेचे ८ मिमी डोळे आतून मऊ पुट्टीने बसवले. पुट्टीमुळे नजर हवी तेव्हा फिरवता येते. बाहुली बघणाऱ्याच्या किंचित बाजूला बघते तेव्हा ती विचारात आहे असं वाटतं, थेट बघते तेव्हा नुसती काच दिसते. बुबुळाचा वरचा पाचवा भाग पापणीखाली गेला पाहिजे. नाहीतर ती दचकल्यासारखी दिसते.

२७ फेब्रुवारी

केस मोहेरचे, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीचे. थेट डोक्यावर चिकटवले नाहीत, ताणणाऱ्या जाळीच्या टोपीवर मुळापासून बसवले. टोपी काढता येते, धुता येते, आणि केस खोक्यात डोक्यापासून वेगळे जाऊ शकतात. दाट केस मोहक वाटतात, पण ६ सेंमीच्या डोक्यावर ते माप बिघडवतात. एका टोपीला ७ ग्रॅम पुरले.

४ मार्च

कपडे. जुनं रेशीम घेतलं नाही. घडीवर तंतू तुटायला लागले होते, गॅलरीच्या दिव्याखाली पाच आठवडे टिकलं नसतं. सुती मलमल, टाका १.५ मिमी, शिवणीची आतली कड ४ मिमी. मोठ्या माणसाच्या कपड्यासारखी १५ मिमी कड ठेवली की बाहुली शिवणीपाशी फुगते. काज केले नाहीत, हुकांऐवजी दोऱ्याचे फास. क्रमांक ५ ला छोटे चांदीचे डूल.

क्रमांक ४ च्या टोपीत खरं पीस लावायचा विचार होता, तो सोडला. कुठल्या पक्ष्याचं ते सिद्ध करता येत नसेल तर सीमेवर सगळी पेटी अडू शकते. कित्येक पक्ष्यांची पिसं साइट्स करारात (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) येतात, आणि अमेरिकेत तर १९१८ च्या कायद्याने तिथल्या स्थलांतरी पक्ष्याचं जमिनीवर सापडलेलं पीसही बाळगता येत नाही. रेशमी कापडाला खळ देऊन, मधे बारीक तार घालून, कात्रीने तिरपं कातरून पीस केलं. हातभर अंतरावरून फरक कळत नाही.

९ मार्च

खोके भरले. पॉलिथीन फोमचे तीन थर, बाहुलीच्या आकाराची खोबण कापून. खोबणीत आम्लरहित टिश्यू. साधा फोम रबर आणि पीव्हीसीची फिल्म टाळली: पहिला काही वर्षांत चिकट चुरा होतो, दुसऱ्यातून रंगावर तेलकट डाग उतरतात. बबल रॅप फक्त खोक्याच्या बाहेरून, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. बुडबुडे रंगाकडे राहिले तर गोल ठसे उठतात.

१४ मार्च

पोचलो, मांडणी सुरू. बाहुलीचे डोळे तळव्यापासून ३८ सेंमीवर आहेत. चौथरे ११० सेंमीचे मागितले होते, म्हणजे नजर १४८ वर येते, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या जवळपास. आले ८० सेंमीचे. वरून पाहिलं की बाहुलीचं फक्त कपाळ आणि भांग दिसतो, तिची नजर कुणाला भेटत नाही. ३० सेंमीचे ठोकळे खाली बसवून घेतले. यात अर्धा दिवस गेला, पण याशिवाय मांडणं म्हणजे चेहऱ्यावरचे सगळे हात वाया घालवणं.

दिवा थेट डोक्यावर होता. त्याने भुवईची सावली डोळ्यांवर पडते आणि काचेचे डोळे विझतात. दिवा पुढे आणि बाजूला घेतला, ४५ अंशांपेक्षा थोडा खाली आणला. आता प्रत्येक बुबुळात एकच ठिपका चमकतो. दोन दिवे असले की दोन ठिपके येतात आणि नजर फुटते. कापडावर उजेड ५० लक्सच्या आत ठेवला, संग्रहालयं कापडाला हीच मर्यादा पाळतात.

उचलणाऱ्यांना नायट्राइल हातमोजे दिले. सुती मोज्यांचे तंतू मोहेरमधे अडकतात आणि पकडही घसरते.

२० एप्रिल

उतरवणी. प्रत्येक बाहुलीचे चार दिशांनी फोटो, शेजारी पट्टी, जातानाच्या फोटोंशी ताडून पाहणं. खोक्यात भरण्याआधी दिसलेल्या गोष्टी: ५ चे डूल तपकिरी काळे. ३ ची उजवी नजर साधारण १ मिमी नाकाकडे सरकलेली.

२४ एप्रिल

टेबलावर परत. वाटेत आणखी एक नुकसान: क्रमांक २ चा डावा अंगठा मुळाशी तुटला. हा दोष माझ्या खोबणीचा. हाताची खोबण बोटांच्या आकाराला नेमकी कापली होती, ती सुबक दिसते म्हणून. खोका हलला, धड २ मिमी सरकलं आणि सरकण्याचा सगळा जोर बोटांवर आला. फोमने बाहुलीला धरायचं ते तिच्या दणकट जागी: छाती, कटी, मांड्यांचा वरचा भाग. बोटं, नाक, पापण्या आणि पायाची टोकं कशालाच टेकता कामा नयेत, भोवती किमान १० मिमी मोकळं.

सहाही खोबण्या नव्याने कापल्या. मनगटाचे आकडे सुटे होतेच, म्हणून हातही आता वेगळे काढून टिश्यूच्या छोट्या पिशवीत, पिशवीवर क्रमांक आणि डावा-उजवा.

अंगठा: तुटलेल्या दोन्ही बाजूंना ०.८ मिमी भोक, ६ मिमी लांब पितळी तार, थोडा इपॉक्सी. नुसत्या गमाने जोडलेला अंगठा पुढच्या धक्क्याला परत तुटतो. वर जेसो आणि रंग.

डोळा: दिव्याच्या उबेने पुट्टी मऊ झाली. नजर ठरली आहे तेव्हा आता पुट्टीच्या कडेवर पातळ क्लेची कडी बसवली. गरज पडली तर ती कोरून काढता येते.

२७ एप्रिल

डुलांचं कारण तपासायला तीन बरण्या. लोकरीतून गंधकयुक्त वायू निघतात आणि चांदी काळी पडते, हे माहीत आहे. पण बंद काचपेटीचा तळ एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) होता, चौथऱ्यावर ताजा रंग होता. दोष कुणाचा ते न कळता उपाय करणं बरोबर नाही.

ही ऑडी चाचणीची घरगुती आवृत्ती. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडींनी १९७३ मधे मांडलेल्या चाचणीत चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पट्ट्या संशयित वस्तूबरोबर बंद करून ६० अंशांवर २८ दिवस ठेवतात. इथे फक्त चांदी आणि खोलीचं तापमान. बरणी क: चेहऱ्याचं फेल्ट. ख: कपड्याच्या काठाचं गडद रंगाचं फेल्ट. ग: रिकामी. प्रत्येकीत घासून चकचकीत केलेली चांदीची पट्टी दोऱ्याला टांगलेली आणि ओल्या कापसाचा बोळा.

त्याच दिवशी ५ आणि ६, तसंच सगळ्या केसांच्या टोप्या शीतपेटीत. कसर दिसली नाही, पण लोकर पाच आठवडे उघड्या दालनात होती. जाड पॉलिथीनची पिशवी, हवा काढून, सीलबंद, उणे २० अंशांवर सात दिवस. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. लगेच उघडली तर गार बाहुलीवर दव बसतं आणि खळीचा थर सुटतो.

६ मे

इलॅस्टिक मोजलं. क्रमांक १ आणि ४ चं २७ चं २८.५ झालं आहे. पाच आठवडे ताणून उभं राहिल्यावर एवढं होणारच. चारही बाहुल्यांत नवं घातलं, आणि यापुढे नियम: खोक्यात बाहुली सैल, ताण फक्त चौथऱ्यावर. पितळी काडीमुळे हे आपोआप साधतं, डोकं निघालं की ताणही कमी होतो.

२५ मे

२८ दिवस झाले. ग मधली पट्टी स्वच्छ. क मधली कडेला पिवळसर. ख मधली पूर्ण तपकिरी, थेट डुलांसारखी. म्हणजे मुख्य दोषी काठाचं गडद फेल्ट. रंगवताना त्यात काही उरलेलं असणार. काठ उसवून सुती पट्टी लावली. डूल पांढऱ्या सोन्याच्या मुलाम्याचे करावेत का यावर विचार केला, पण चांदीचा मऊ उजेड त्या चेहऱ्याला शोभतो. चांदीच ठेवली. काचपेटीत बारीक जाळीची फट मागितली आणि पेटीच्या मागच्या कोपऱ्यात सक्रिय कोळशाचा कागद.

१ जून

मोठी पेटी. सहा खोके, तीन शेजारी शेजारी, दोन थर: ५४ × ४८ × २४. सगळीकडून ५ सेंमी फोम: ६४ × ५८ × ३४. बाहेरून ६८ × ६२ × ३८. प्रत्यक्ष वजन १४ किलो, पण विमान मालवाहतुकीत घनफळाचं वजन धरतात: १,६०,२०८ घन सेंमी भागिले ६००० म्हणजे २६.७ किलो. कुरिअर ५००० ने भागतात, तेव्हा ३२ च्या वर. खोक्याची उंची १२ ऐवजी १४ ठेवली असती तर पेटी ४ सेंमीने वाढली असती. जानेवारीतल्या पहिल्या रेषेचा हिशेब इथे येऊन भिडतो.

पेटी प्लायवूडची. प्लायवूडला आयएसपीएम १५ चा नियम (पॅकिंगच्या लाकडातून कीड पसरू नये यासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम) लागू नाही, पण तळाला ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांना लागतो: गाभ्यात ५६ अंश, सलग ३० मिनिटं, आणि त्यावर शिक्का. शिक्का नसलेल्या दोन पट्ट्यांसाठी पेटी परत येऊ शकते. पट्ट्याही प्लायवूडच्याच कापल्या.

कागद: एटीए कार्ने (शुल्क न भरता वस्तू तात्पुरती परदेशी नेण्याचं सीमाशुल्काचं कागदपत्र), जास्तीत जास्त एक वर्षाचं. यादीत प्रत्येक बाहुलीची स्वतंत्र ओळ, वजन, किंमत आणि मानेच्या आत कोरलेला क्रमांक. कार्नेवर गेलेली वस्तू परत आलीच पाहिजे. म्हणून विक्रीला असलेल्या ३ आणि ६ कार्नेवर घेतल्या नाहीत, त्या वेगळ्या आयातीच्या कागदांवर. एकाच पेटीत दोन प्रकारचे कागद चालतात, फक्त याद्या एकमेकींत मिसळता कामा नयेत. जाताना आणि येताना दोन्ही सीमांवर शिक्का मारून घ्यायचा. एक राहिला तर परतीला शुल्काची मागणी येते.

२६ जून

हातातल्या बॅगेतली दुरुस्तीची पेटी: सुया, दोरे, सुटे पितळी आकडे आठ, २.५ आणि २ मिमीचं इलॅस्टिक दोन मीटर, पुट्टी, रंगाच्या छोट्या बाटल्या. वॉर्निश स्प्रे आणि अॅसिटोन विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, ते तिथेच घ्यायचे. कात्री, कटर आणि पक्कड चेक-इनमधे. बाहुलीचं एकही डोकं हातातल्या बॅगेत ठेवलं नाही. एक्स-रेमधे काचेचे डोळे आणि तार दिसली की उघडून दाखवावं लागतं, आणि ते उघडणारे हात घाईत असतात.

२ जुलै

दुसऱ्या गॅलरीत पेटी पोचली. लगेच उघडली नाही, खोलीच्या हवेला यायला २४ तास दिले.

३ जुलै

उघडली. फोम जागेवर. आर्द्रता दाखवणारं कार्ड ५० वर. एकीची हातापायांची वीसही बोटं मोजली, मग क्लेच्या बाकीच्या तिघींची. शाबूत. ५ चे डूल स्वच्छ. ३ ची नजर जिथे होती तिथे.

जोडणी गॅलरीतल्या दोघांनी केली, छापील कागद समोर ठेवून, चारही डोकी चाळीस मिनिटांत. कागदात एक ओळ वाढवायची आहे: डोकं बसल्यावर ते दोन बोटांनी पाव वळण फिरवून सोडावं. ते आपोआप जागेवर आलं तर आकडा नीट बसला आहे. क्रमांक ४ चं डोकं परत आलं नाही, मानेत बघितलं तर लाल दोऱ्याची काडी अजून आडवी होती.